कड् आवाज आला म्हणजे मणका बसला का?

आंबा संपला, भातलावणी तोंडावर आली की कंबरदुखीची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांनी कायरोप्रॅक्टिकबद्दल, म्हणजे हाताने झटका देऊन मणक्यांवर उपचार करण्याच्या पद्धतीबद्दल, विचारलं आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्या अनुभवातून उत्तरं देते.

प्रश्न : हापूसच्या पेट्या उचलताना उसण भरली. कायरोप्रॅक्टर मणका जागेवर बसवतात म्हणे. खरंच बसतो का? (बागायतदार, वय ४६, देवगड)

दादा, उसण भरली म्हणजे मणका सरकला असं नसतं, त्यामुळे तो बसवण्याचा प्रश्नच येत नाही. मणक्यांच्या मागे छोटे सांधे असतात आणि त्यांत वंगणासारखा द्रव असतो. झटका दिला की आतला दाब एकदम उतरतो, द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि कड् आवाज येतो. बोटं मोडताना येतो तोच हा आवाज. तो आला नाही म्हणून उपचार फुकट गेला असंही नाही. ही पद्धत १८९५ मध्ये अमेरिकेत डॅनियल डेव्हिड पामर यांनी सुरू केली. सरकलेल्या मणक्यांमुळे आजार होतात असं ते मानत, आणि ‘मणका बसवणं’ ही भाषा तेव्हापासूनची आहे.

मग बरं वाटतं ते कशाने? स्नायू सैल पडतात, काही काळ वाकता येतं. साध्या कंबरदुखीत हा फायदा बेताचा, साधारण व्यायामाइतकाच असतो. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. त्यानेही बरं वाटतं, कारण बहुतेक उसणी काही दिवसांत, फार तर सहा आठवड्यांत, आपणच ओसरतात. म्हणून माझं सांगणं एकच : झटक्याने मोकळीक मिळाली तर त्याच दिवशी चालायला लागा. अंथरुण धरलंत तर ती मोकळीक वाया गेली. एक-दोन दिवस अंग ठणकेल, त्याला घाबरू नका.

प्रश्न : मी होडीवर खलाशी. कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ येते, एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसते. २० सिटिंगचे पैसे आधी भरायला सांगतात. भरू का? (वय ३८, हर्णै)

नको. दुखणं कसं उतरेल हे पहिल्याच दिवशी कुणालाच सांगता येत नाही. चार-सहा भेटींत फरक नसेल तर उपचार बदलायला हवा. दोन मणक्यांमधली बाहेर आलेली गादी पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आक्रसते. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत सरकत आली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण समजा. आधी पायातली ताकद आणि संवेदना तपासून घ्या. ते न तपासताच कोणी टेबलावर झोपवत असेल, तर उठून या.

आणि हे घरच्यांनाही सांगून ठेवा : लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच रात्री गाडी करून मोठं रुग्णालय गाठा. सकाळची वाट पाहू नका.

प्रश्न : आईची मान दुखते, वय ७२, हाडं ठिसूळ आहेत, रक्त पातळ करण्याची गोळीही चालू आहे. मानेला झटका चालेल का? (मालवण)

नाही. अजिबात नाही. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. त्या विरळ आहेत, पण आईंच्या बाबतीत ठिसूळ हाडांचा आणि गोळीचा धोका वेगळाच. शेक आणि फिजिओथेरपिस्टकडून हळुवार व्यायाम पुरे.

प्रश्न : दहा दिवसांपूर्वी कंबर धरली होती, आता चालते. लावणीला उतरू का? (वय ५१, संगमेश्वर)

ताई, उतरा, पण आधी आठवडाभर तयारी करा. रोज अर्धा तास चाला. उताणं झोपून गुडघे वाकवा आणि कंबर उचला, दहा वेळा. खुर्चीवरून हात न टेकता उठबस करा. पाठीला काठी लावून, ती सुटू न देता, खुब्यातून वाकायला शिका. एवढं जमलं की पाण्याची अर्धी बादली उचलून पाहा.

शेतात वीस मिनिटांनी सरळ उभ्या राहा, कंबरेवर हात ठेवून पाच वेळा मागे झुका. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या वाहणं आणि लावणं आलटून-पालटून करा. पहिल्या दिवशी एकच कुणगा, म्हणजे शेताचा एकच तुकडा, लावा. दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलेलं नसेल तर दोन.