चाळीस मेल आणि एकही उत्तर नाही

"चाळीस मेल टाकले, ताई. एकाही कॉलेजच्या कोचचं उत्तर नाही. म्हणजे पोरात दम नाही, असंच ना?"

फेब्रुवारीतली गोष्ट. न्यू जर्सीतल्या एका मराठी घरातले वडील लॅपटॉप उघडून माझ्यासमोर बसले होते. इथल्या शाळकरी खेळाडूंना मी कॉलेजप्रवेशाबद्दल समुपदेशन करते, आणि हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. मुलगा दहावीत, थाळीफेक करणारा. तो शेजारी बसून उजव्या तर्जनीच्या टोकावरचा घट्टा अंगठ्याने चोळत होता. थाळी शेवटी सुटते ती त्याच बोटावरून.

आधी मी नियम सांगितला. डिव्हिजन वनच्या, म्हणजे इथल्या कॉलेजखेळांतल्या सर्वांत वरच्या गटाच्या कोचना दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत खेळाडूशी संघात घेण्याबद्दल बोलताच येत नाही. मेल आपण कधीही टाकावा, ते वाचतातही. पण फार तर कॅम्पचं पत्रक किंवा प्रश्नावली पाठवायची त्यांना मुभा असते. आणि यांचे चाळीसच्या चाळीस मेल डिव्हिजन वनलाच गेलेले. ती शांतता नियमाची होती. वडिलांनी मात्र तिला निकाल समजून दोन महिने घरात सुतक पाळलं होतं.

मग मी एक मेल वाचायला मागितला. भारताचा थाळीफेकपटू विकास गौडापासून सुरुवात होती: मेरीलँडमध्ये वाढला, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून खेळला, २०१४ मध्ये ग्लासगोला राष्ट्रकुल सुवर्ण. "त्याचेही वडीलच मागे होते ना," मुलाचे वडील म्हणाले. होते, पण ते स्वतः अॅथलेटिक्सचे प्रशिक्षक होते. मी मुलाकडे वळले, "तू यात काय लिहिलंस?"

"मी वाचलेलंच नाही."

मला खरी काळजी वाटली ती इथे. कोच चार वर्षं मुलासोबत काढणार असतो, वडिलांसोबत नाही. मेल मुलाच्याच शब्दांत हवा. चुका असल्या तरी चालतील, पाच-सहा ओळी पुरतात.

व्हिडिओही तसाच. गाणं लावलेला, थाळी सुटली की कापलेला. कोचला पाय बघायचे असतात: वर्तुळाच्या मागच्या कडेला वळण कसं घेतो, मधे उजवा पाय फिरत राहतो की टाच टेकते, फेकीनंतर तोल राहतो का. एक फेक मागून, एक बाजूने, न कापता. सोबत थाळीचं वजन आणि तारीख. वजन तर हवंच, कारण शाळेत मुलं १.६ किलोची थाळी फेकतात आणि कॉलेजात २ किलोची. मुलींची दोन्हीकडे १ किलोचीच. या मुलाचे १.६ किलोला ४७ मीटर, २ किलोला ३९. वडिलांना ३९ लपवायचे होते. मी म्हटलं, तेच आधी लिहा. दहावीतला मुलगा जड थाळीला हात घालतोय, हे कोचला कळू दे.

पैशांचंही मी स्पष्ट बोलले. डिव्हिजन थ्री, म्हणजे तिसऱ्या गटात, आणि आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या आठ विद्यापीठांत, खेळाची शिष्यवृत्ती नसते. मिळते ती घरची परिस्थिती बघून, काही ठिकाणी गुणांवर. डिव्हिजन वनमध्येही २०२५ पर्यंत मुलांच्या अख्ख्या संघाला मिळून १२.६ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, त्यामुळे थाळीवाल्याच्या वाट्याला बहुधा तुकडाच यायचा. "थाळी फुकट शिकवेल" या भरवशावर घराचं गणित मांडू नका, असं मी सगळ्याच पालकांना कळकळीने सांगते.

"मग मी काय करू?" वडिलांचा आवाज पडला होता.

"शनिवारी मैदानावर जा. व्हिडिओ काढा आणि थाळ्या गोळा करून आणा."

ते गेले. मुलाने नवे बारा मेल लिहिले, त्यात इंजिनिअरिंग चांगलं असलेली तीन डिव्हिजन थ्री कॉलेजंही होती. त्यांना जूनची वाट बघावी लागत नाही. एकाचं उत्तर एप्रिलमध्येच आलं. जूननंतर डिव्हिजन वनच्या दोघांनी २ किलोचे नवे आकडे मागितले, एकाने सरळ नाही म्हणून कळवलं. मुलाचं अजून काही ठरलेलं नाही. ऑक्टोबरात तो एप्रिलवाल्या कॉलेजला जाऊन येणार आहे. तिथल्या कोचने पहिल्या फोनवर फेकीचं नावही काढलं नाही. विचारलं, "अकरावीला गणित कुठलं घेतोयस?"