बाळाला ऐकू येत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट आताच करावं, की मेंदूत बसवायच्या चिपची वाट बघावी?

ताई, थांबू नका. तुम्ही लिहिलंय की मुलगा चौदा महिन्यांचा आहे, बेरा तपासणीत (आवाजाला नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी चाचणी) दोन्ही कानांत अतितीव्र श्रवणदोष निघाला, डॉक्टर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, सांगताहेत आणि सासरे म्हणतात, "चार-पाच वर्षांत थेट मेंदूत चिप बसवायला लागतील, आत्ता कशाला कापाकापी?" मी ठाण्यात, नौपाड्यात, अशाच मुलांना ऐकायला आणि बोलायला शिकवते. सासरे मायेपोटीच बोलताहेत. पण वाट बघण्याची किंमत इथे बाळालाच मोजावी लागेल.

आतल्या कानातला कॉक्लिया, म्हणजे तो शंखासारखा भाग, जन्मतःच पूर्ण आकाराचा असतो. मेंदूतली ऐकण्याची जागा मात्र आवाज मिळत राहिला तरच घडते. अमेरिकेतल्या संशोधक अनू शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मतः बहिऱ्या मुलांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या आणि २००२ साली निष्कर्ष मांडले. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांच्या लहरी काही महिन्यांत ऐकणाऱ्या मुलांसारख्या झाल्या. सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेली बहुतेक मुलं मागेच राहिली. रिकामी राहिलेली जागा नजर आणि स्पर्श वापरू लागतात. तुमचा मुलगा सहा वर्षांचा असताना कितीही भारी चिप आली, तरी तिचा आवाज घेणारी मेंदूतली जागा तोवर दुसऱ्या कामाला लागलेली असण्याची भीती मोठी आहे.

आणि कॉक्लिअर इम्प्लांट हेसुद्धा विजेने नस चेतवणारं यंत्रच आहे. पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरीज यांनी १९५७ साली श्रवणनसेला पहिल्यांदा अशी वीज दिली. मेलबर्नला ग्रॅहम क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक इलेक्ट्रोडचं, म्हणजे वीज देणाऱ्या बारीक टोकांचं, इम्प्लांट बसवलं. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो, लोहचुंबकाने चिकटलेली कॉइल तो कातडीतून आत पाठवते आणि कॉक्लियात सरकवलेले १२ ते २२ इलेक्ट्रोड नसेला वीज देतात. आतल्या भागात बॅटरी नसते. शस्त्रक्रियेत कानामागचं हाड कोरतात, मेंदूला हात लावत नाहीत. सासऱ्यांना हे नक्की सांगा.

ऐकणाऱ्या कानात हेच काम साधारण ३,५०० पेशी करतात, म्हणून इम्प्लांटचा आवाज जाडाभरडा असतो. गर्दीत बोलणं पकडणं आणि गाण्याची चाल ओळखणं या मुलांना जड जातं. तरीही लहानपणी इम्प्लांट झालेली आणि नियमित थेरपी घेतलेली मुलं मराठीत भांडतात, हट्ट करतात, फोनवर आजीशी बोलतात. हे मी रोज बघते.

बातम्यांतल्या चिपचं काम वेगळं आहे. न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये नोलंड आर्बो या पहिल्या माणसाला चिप बसवली. मानेखालची हालचाल गेलेल्या या तरुणाच्या मेंदूतले हालचालीचे संकेत १,०२४ इलेक्ट्रोड टिपतात आणि त्यावर तो संगणकाचा कर्सर हलवतो. काही आठवड्यांतच हे इलेक्ट्रोड ज्यांवर असतात त्यातले काही बारीक धागे मेंदूतून मागे सरकले होते. ती चिप मेंदूतून संकेत बाहेर आणते, कानाचा आवाज आत नेत नाही. आवाज थेट मेंदूच्या देठापर्यंत नेणारं ब्रेनस्टेम इम्प्लांट १९७९ पासून आहे, पण ते ज्यांना श्रवणनसच नाही किंवा जिचा उपयोग नाही त्यांच्यासाठी, आणि त्यातून बोलणं समजण्याचं प्रमाण कॉक्लिअरपेक्षा कमी. म्हणून एमआरआय आधी करा. नस दिसली नाही तर सगळा विचारच बदलतो. मेंदूज्वरानंतर ऐकू येणं गेलं असेल तर आणखी घाई करा, कारण कॉक्लियात हाड भरत जातं आणि इलेक्ट्रोड सरकवायला जागा उरत नाही.

कंपनी निवडताना मात्र मी फार काटेकोर असते. आर्गस टू नावाचं डोळ्याचं इम्प्लांट अमेरिकेत २०१३ साली मंजूर झालं, ६० इलेक्ट्रोडचं. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं आणि ज्यांच्या डोळ्यांत ते बसवलं होतं ती माणसं दुरुस्तीविना राहिली. तुमच्या मुलाला हे यंत्र जन्मभर वापरायचंय. वॉरंटी संपल्यावर कॉइल आणि वायरचा खर्च किती, मुंबई-ठाण्यात दुरुस्ती कोण करतं, नवा प्रोसेसर जुन्या इम्प्लांटवर चालेल का, हे सगळं लेखी घ्या. यंत्र सुधारतं ते मुख्यतः बाहेरच्या प्रोसेसरमध्ये, आणि तो पुढे बदलता येतो. पावसाळ्यात तो रोज रात्री ड्राय बॉक्समध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या डबीत, ठेवावा लागतो.

खर्चासाठी वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग या श्रवणदोषांसाठीच्या सरकारी संस्थेत जा. ठाण्याहून दादरला गाडी बदलावी लागते, तान्ह्याला घेऊन सकाळची गर्दी टाळा. दिव्यांगांना साधनांसाठी मदत करणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. उत्पन्नाचीही अट आहे, त्यामुळे तहसीलदारांचा दाखला आणि दिव्यांग प्रमाणपत्र आताच काढायला घ्या.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी स्विच-ऑन होतं, म्हणजे यंत्र पहिल्यांदा चालू करतात, आणि खरं काम तेव्हा सुरू होतं: मॅपिंग (प्रत्येक इलेक्ट्रोडची वीज मुलाला मानवेल अशी जुळवणं), थेरपी आणि घरात दिवसभर बोलणं. त्या दिवशी मूल दचकून रडलं तर घाबरू नका. खुणांनी बोलत असाल तर तेही सोडू नका, त्याने बोलणं अडत नाही.

तारीख मिळेपर्यंत कानाची मशीन्स जागेपणी सतत लावा, मेंदूज्वराचा धोका कमी करणारी न्यूमोकोकलची लस डॉक्टरांना विचारून पूर्ण करा. सर्जनला भेटायला सासऱ्यांनाही न्या आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.