जुन्या पार्लर गिटारची ऑक्टेव्ह मँडोलिन करताय? आधी हे बघा

भावा, ड्रिल काढू नको लगेच. ऑक्टेव्ह मँडोलिन म्हणजे मँडोलिनपेक्षा एक सप्तक खाली लागणारी, आठ तारांची; जी, डी, ए, ई अशा चार जोड्या. जुन्या पार्लर गिटारी (छोट्या अंगाच्या) बऱ्याचदा आतड्याच्या तारांसाठी बनलेल्या, आठ स्टीलच्या तारा ताणल्या की ब्रिज (फळीवर चिकटवलेली, तारा अडकवायची पट्टी) उचकटतो नायतर वरची फळी फुगते, मग रडत बसायचं. मान सरळ आहे का बघ आणि सुरुवातीला आहेत त्याच सहा खुंट्या वापर.

- गिटारच्या एक्स्ट्रा लाइट (बारीक) तारांचे दोन सेट घे. जी आणि डी एकेरी, ए आणि ई जोडीनं.
- गिटारची ए ची तार एक पूर्ण सूर (दोन फ्रेट) उतरवली की जी, बी ची उतरवली की ए. डी, ई तशाच. चढवायची एकपण नाही!
- नट (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) मात्र नवाच. जोडीच्या खाचा फार जवळ झाल्या की तारा एकमेकींवर खरखरतात. मिरजेत सतारमेकर गल्लीत विचारून बघ की, तिथल्यांचा हात बसलाय असल्या कामाला.

टेलपीस (तारा खालच्या टोकाला अडकवायचा भाग) न् आठ खुंट्यांचं नंतर बोलू.