शांत गल्लीतले घर आणि शेजारचे भूखंड

प्रश्न : मुलुंड पूर्वेला एका शांत गल्लीत फ्लॅट पसंत पडला आहे. ही शांतता टिकेल का, हे आधी कसे ओळखावे? (एक वाचक, घाटकोपर)

उत्तर : आपण फ्लॅटची कागदपत्रे काळजीपूर्वक वाचतो, गल्लीची शांतता मात्र शेजारच्या भूखंडांवर ठरते, आणि त्यांचे कागद सहसा कोणी पाहत नाही. भूखंडाचा नगर भूमापन (सीटीएस) क्रमांक देऊन महापालिकेकडून विकास आराखडा २०३४ नुसार 'डीपी रिमार्क' मिळतो. त्यात रस्तारुंदी किंवा आरक्षण असल्यास ते कळते. तो आपल्या इमारतीपुरता न घेता समोरच्या आणि मागच्या भूखंडांसाठीही घ्यावा. आरक्षण 'बालोद्याना'चे असणे वेगळे आणि 'मंडई'चे असणे वेगळे.

शेजारी तीन-चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली जुनी इमारत असेल, तर ती पुनर्विकासाला जाणार असे धरूनच चालावे. ४ जुलै २०१९ च्या शासकीय मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी असल्यामुळे, एकदा सभासदांचे जमले की काही वर्षे पाडकाम, पायलिंग आणि डंपर तुमच्या खिडकीखाली येतात, आणि त्यानंतर त्याच अरुंद गल्लीत वाढीव कुटुंबांच्या गाड्या उभ्या राहतात. शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला सहज विचारावे. बिल्डर येऊन गेले की नाही, हे त्याला बहुधा सचिवांच्याही आधी ठाऊक असते.

घर रविवारी दुपारीच दाखवले जाते. तुम्ही मात्र कामाच्या दिवशी शाळा सुटताना आणि रात्री दहानंतर पुन्हा जाऊन पाहावे. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी कायदेशीर मर्यादा आहे, पण जवळ लग्नाचा हॉल असेल तर तिच्यावर विसंबून घर घेऊ नये.

प्रश्न : विलेपार्ल्यातील जुन्या सोसायटीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणे) झालेले नाही. घर घ्यावे का? (एक वाचक, अंधेरी)

उत्तर : केवळ त्या कारणाने नाकारू नये, कारण मुंबईतील अनेक जुन्या सोसायट्यांची हीच स्थिती आहे. मात्र जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा विकासकाच्या नावावर असल्याने पुनर्विकासाच्या वेळी अडचण येते. १९६३ च्या मोफा (महाराष्ट्रातील सदनिका मालकीविषयक) कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालक किंवा विकासक करून देत नसल्यास सरकारी आदेशाने होणाऱ्या अभिहस्तांतरणाचा, अर्ज करता येतो; तो दाखल झाला आहे का, हे सचिवांना विचारावे आणि त्याची प्रत मागावी. भोगवटा प्रमाणपत्रही (इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, ओसी) नसेल, तर बँका कर्जाला खळखळ करतात. अशा वेळी भाव पाडून मागण्यात काही गैर नाही.

प्रश्न : घर नावावर करताना सोसायटी एक लाख रुपये 'देणगी' मागते. (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची (घर नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेची) कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, आणि देणगीच्या नावाखाली त्याहून जास्त रक्कम मागता येत नाही. मागणी लेखी द्यावी, एवढेच नम्रपणे सांगावे. बहुतेक समित्या तेथेच थांबतात.