माजघराचा रंग ठरवण्याआधी

प्रश्न : राजापूर तालुक्यातील आमचे शेतावरचे घर पणजोबांनी बांधलेले आहे. चिऱ्यांच्या भिंती, सागवानी खांब, माजघरात कोनाडे आणि भिंतीतली फडताळे, वर कौले. वीस वर्षांपूर्वी काकांनी आतून सिमेंटचा गिलावा करून त्यावर ऑइलपेंट लावला. आता जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटत आहेत आणि भिंतीवर बुरशीसारखी पांढरी पूड येते. आम्ही ठाण्यात राहतो. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातच तिकडे जाणे होते. कंत्राटदार वॉटरप्रूफ पुट्टी, फिकट पिवळा प्लास्टिक रंग, पीओपीचे छत आणि व्हिट्रिफाइड फरशी सुचवतो आहे. घराचे जुनेपण राखून खोल्या सजवता येतील का? माजघर फार अंधारे आहे, हीही अडचण आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण बुरशी म्हणता ती पूड म्हणजे लोणा, अर्थात पाण्याबरोबर भिंतीवर आलेले क्षार आहेत. आपले चिरे जांभ्याचे, आणि जांभा हा सच्छिद्र दगड असल्यामुळे जमिनीतले पाणी शोषून घेतो. पूर्वीच्या चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी हळूहळू उडून जात असे. सिमेंट आणि ऑइलपेंट यांनी ती वाट बंद केली, म्हणून पाणी वर चढत राहते आणि जिथे फट मिळेल तिथे क्षार मागे टाकून बाहेर पडते. यावर वॉटरप्रूफ पुट्टी लावल्यास खोली पहिली दिवाळी छान दिसेल. पुढे लोणा पुट्टीच्या वरच्या कडेपाशी नव्याने डोके काढेल. त्यामुळे पिवळा रंग शोभेल की नाही, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा.

आधी बाहेरून घराभोवती एक फेरी मारावी. बऱ्याच जुन्या घरांत अंगणात भराव टाकून वर पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात आणि दोन फुटी जोते (घराचा चौथरा) जेमतेम वीतभर उरलेले असते. मग पागोळ्यांचे पाणी थेट भिंतीवर उडते. तसे असल्यास अंगण पुन्हा खाली घ्यावे आणि पाणी घरापासून दूर नेणारा उतार द्यावा. हे काम दिसायला सजावटीचे नाही, पण आतल्या खोल्यांचे निम्मे दुखणे इथेच बरे होते.

नंतर ओलीच्या रेषेवर आणखी फूटभर उंचीपर्यंतचा सिमेंटचा गिलावा छन्नी-हातोडीने उतरवावा. ब्रेकर मशीन लावू देऊ नये, कारण त्याने चिऱ्यांच्या कडा ढासळतात. आणि जिथे सिमेंटबरोबर चिऱ्याचाही पोपडा निघू लागेल, तिथे हट्ट न धरता तेवढा भाग तसाच सोडावा. काम दिवाळीनंतर सुरू करून भिंती शक्यतो मेपर्यंत उघड्याच वाळू द्याव्यात. तोपर्यंत लोणा कोरड्या ब्रशने झाडत राहावे, धुऊ नये. धुतल्याने क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच जातात.

एक सावधगिरी आवर्जून सांगतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित करणारा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. काकांनी लावलेला रंग त्याआधीचा आहे, म्हणून दारे-खिडक्यांवरचा जुना ऑइलपेंट कोरड्या पॉलिशपेपरने घासू नये. पृष्ठभाग ओला ठेवून खरवडावे, लहान मुलांना त्या दिवसांत घरात आणू नये आणि निघालेले कपटे परसात न टाकता गोळा करावेत.

आता रंग. माजघरातल्या एखाद्या कोनाड्याच्या वरच्या, आतल्या कोपऱ्यात पाहा. तिथे गिलावेवाल्याचा हात बहुधा पोहोचलेला नसतो. तळहाताएवढी जागा ओल्या स्पंजाने भिजवून बोथट सुरीने हलकेच एकेक थर उचलावा. अशाच एका घरात मला ऑइलपेंटखाली पापडाएवढ्या जाडीची सफेदी सापडली होती : वर पांढरे थर, मध्ये नीळ जास्त पडलेला एक थर (कोणाचा तरी हात त्या वर्षी सैल सुटला असावा) आणि अगदी तळाशी फिका पिस्ता रंग. आपल्याला जे सापडेल, तोच त्या खोलीचा रंग धरावा. नव्या गिलाव्यात भिजवून मुरवलेला चुना आणि वाळू वापरावी. त्यावर पातळ दुधासारखी सफेदी ओलसर भिंतीवर तीन ते पाच हातांत द्यावी आणि दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा. जाड हात दिल्यास सफेदी पुढे भुकटीसारखी अंगाला लागते.

अंधारावर पिवळा प्लास्टिक रंग हा उपाय नाही. छपराच्या उत्तरेकडच्या उतारावर दोन-तीन काचेची कौले बसवावीत. चुन्याच्या पांढऱ्या भिंती तो उजेड खोलीभर पसरवतात. पीओपीच्या छताला माझा स्पष्ट विरोध आहे. त्यामागे वासे, रिपा आणि आढे झाकले जातात, कौल फुटून पाणी ठिबकले तरी कळत नाही आणि वाळवीला निवांत जागा मिळते. स्वयंपाकघरातले वासे तर मुद्दाम तपासून घ्यावेत. चुलीच्या धुराने तिथली कीड दूर राहत असे. गॅस आल्यावर तो पहारा उठला आहे.

फरशीबाबत आपणास कदाचित वेगळे उत्तर अपेक्षित असेल. शेणाची जमीन सुंदर खरी, पण ती आठवड्या-पंधरवड्याने सारवावी लागते. वर्षातून तीनदा उघडणाऱ्या घरात तिचा आग्रह धरणे हा नुसता हौसेचा भाग होईल. मात्र व्हिट्रिफाइड फरशीखाली अडलेला ओलावा भिंतींकडेच सरकतो आणि वर केलेले सगळे काम वाया जाते. चुना-वाळूच्या थरावर जांभ्याच्या लाद्या बसवाव्यात. विजेच्या तारांसाठी चिऱ्यांत खाचा न मारता त्या भिंतीवरून लाकडी पट्टीत न्याव्यात. सागवानी खांबांना चकचकीत पॉलिश नको. स्वच्छ पुसून जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरे.

प्रश्न : आमच्या कौलांच्या पाठीवर बासेल मिशन आणि 1865 असे छापलेले आहे. म्हणजे घर त्या वर्षीचे समजावे का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला आणि ते स्थापनेचे साल पुढेही कौलांवर छापले जात राहिले. त्यामुळे कौले त्यानंतरची आहेत, एवढेच खात्रीने म्हणता येते. शिवाय अनेक घरांवर आधी नळीची कौले किंवा गवत होते आणि मंगलोरी कौले मागाहून चढली, म्हणून घर कौलांपेक्षा जुनेही असू शकेल. माळ्यावर चढून तुळईवर कुठे शक कोरलेला आहे का, ते विजेरीने पाहावे.