वाळवंटातली खाण : 'परिणाम नगण्य' कसा पडताळायचा?

प्रश्न : वाळवंटातल्या एका प्रस्तावित उघड्या खाणीच्या पर्यावरण अहवालात '१२ किलोमीटरवरच्या झऱ्यावर परिणाम नगण्य' असं म्हटलंय. यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : हिशोब कोणत्या वर्षापर्यंत केलाय, ते आधी पाहा. खड्डा कोरडा ठेवायला भूजल उपसतात, तेव्हा भोवतालची पातळी नरसाळ्यासारखी खचते. उपसा थांबला म्हणून हे नरसाळं तिथल्या तिथे भरत नाही. रिकामा खड्डा पाणी ओढतच राहतो आणि घट कडेकडेने पुढे सरकते. दूरच्या झऱ्याला खरा फटका खाण बंद झाल्यावर कित्येक दशकांनी बसू शकतो. भूजलाचा अंदाज बांधणारं संगणकी मॉडेल खाण बंद होण्याच्या वर्षीच थांबवलं असेल, तर तो निष्कर्ष मुळीच मान्य करू नका.

मग झऱ्याच्या पाण्याचं वय विचारा. ते पाण्यातल्या किरणोत्सारी घटकांवरून कळतं, कारण ते काळानुसार घटत जातात. ट्रिटियमचं अर्धआयुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) १२.३ वर्षं, कार्बन-१४चं ५,७३० वर्षं. ट्रिटियम नाही आणि कार्बन-१४ही अगदी कमी, म्हणजे पाणी बहुधा हजारो वर्षांपूर्वीचं. ते पुन्हा साठण्याची वाट किती पिढ्या पाहणार? एकाच बोअरवरची २४ तासांची पंप चाचणी १२ किलोमीटरबद्दल काही सांगत नाही. खाण आणि झरा यांच्या मधे निरीक्षण बोअर हवेत, आणि भूभंग (खडक तुटून सरकलेली भेग) असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना. भूभंग पाणी अडवतोही आणि वाहूनही नेतो.

'पाऊसच नाही, तर आम्ल कुठून?' हा युक्तिवादही भेटेल. दगडात १ टक्का सल्फाइड गंधक (धातूंशी जोडलेलं गंधक) असेल, तर हवा आणि थोड्या ओलाव्यानेही टनामागे सुमारे ३०.६ किलो सल्फ्युरिक आम्ल तयार होऊ शकतं. कोरड्या काळात आम्लयुक्त क्षार ढिगाऱ्यात साठतात आणि पहिल्या मोठ्या पावसात एकदम ओढ्यात उतरतात.

प्रश्न : जीवसृष्टीच्या प्रकरणात 'विरळ झुडपं' एवढंच लिहिलंय.

उत्तर : पाहणीची तारीख बघा. कोरड्या वर्षी वर्षायू (वर्षभरातच आयुष्य संपणाऱ्या) वनस्पती बियांच्या रूपात मातीत असतात, त्या दिसणार कशा? चांगल्या पावसानंतर पुन्हा पाहणी मागा. जमिनीवरचा काळपट, खडबडीत पापुद्राही नोंदवलेला हवा. तो चिमटीत अलगद उचलला की खाली सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्म जीवाणूंच्या तंतूंना वाळूचे कण लोंबताना दिसतात. चाकाखाली तो चुरडला की सावरायला दशकं लागतात आणि तोवर तिथून धूळ उडते. म्हणून धुळीच्या अंदाजात फक्त खड्डा नको, शोधकामाच्या कच्च्या वाटाही मोजायला लावा.