झीज, धूप आणि लांडग्याची काजळी

प्रश्न असा आला आहे: हलकी अणुकेंद्रकं जुळवून ऊर्जा काढणाऱ्या संलयन अणुभट्टीच्या भिंतीवर प्लाझ्माचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या अतितप्त वायूचा, जो परिणाम होतो त्याला 'झीज' म्हणावं की 'धूप'? 'वितळणं' चालेल का?

आधी 'वितळणं' निकालात काढतो. "१५ कोटी अंशांचा प्लाझ्मा लागला की भिंत वितळते" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. ते तापमान प्लाझ्माच्या गाभ्यातलं. तिथला प्लाझ्मा कणांच्या हिशेबाने हवेपेक्षा सुमारे अडीच लाख पटींनी विरळ, वर चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवलेला. भिंतीपाशी पोचेपर्यंत तो पुष्कळ निवलेला असतो. कडेला अचानक उसळी आली, प्लाझ्माचा तोल गेला, तर धातू वितळतोही, पण तो अपघात. रोजचं दुखणं निराळं: वेगाने आलेला आयन (विद्युतभारित अणू) पृष्ठभागावर आपटतो आणि एखादा अणू उडवून लावतो. याला काही जण 'टवके उडणं' सुचवतात. टवका कपबशीचा उडतो हो, एकट्या अणूचा कसला टवका!

'झीज' चूक नाही, पण 'धूप' जास्त नेमकं. झिजलेली चप्पल कुठे गेली हे कुणी विचारत नाही. धुपलेली माती मात्र खाली गाळ होऊन बसते. इंग्लंडमधल्या 'जेट' या संलयन यंत्राला आतून कार्बनच्या फरशा होत्या, तेव्हा उडालेला कार्बन तळाकडच्या आडोशाच्या कोपऱ्यांत थरांनी साचे आणि ट्रिटियम (इंधनातला किरणोत्सारी हायड्रोजन) अडकवून ठेवी. हा गाळच की! २०११पासून तिथे बेरिलियम आणि टंगस्टन आलं.

टंगस्टन म्हटलं की खरी गंमत सुरू. स्वीडिशमध्ये 'तुंग स्तेन' म्हणजे जड दगड, संपली व्युत्पत्ती. त्याचं दुसरं नाव बघा: वोल्फ्राम. सॅक्सनीत कथील गाळताना एक खनिज मिसळलेलं असलं की कथील कमी निघे. लांडगा मेंढरं फस्त करतो तसं हे कथील खातं, अशी खाणवाल्यांची समजूत. 'वोल्फ' म्हणजे लांडगा. 'राम'चा अर्थ 'साय' देणारे कोश आहेत. लांडग्याची साय? धार कुणी काढली? जुन्या जर्मनमध्ये 'राम' म्हणजे काजळी, मळ. काळपट खनिजाला तेच शोभतं. (आपल्या रामाशी नातं जोडू नये, ही विनंती.) मूलद्रव्यांची नावं ठरवणाऱ्या 'आयुपॅक' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पंडितांनी २००५च्या नियमपुस्तकातून 'वोल्फ्राम' काढून टाकलं, चिन्ह मात्र 'डब्ल्यू'च ठेवलं! आणि खुद्द स्वीडिश लोक आजही 'वोल्फ्राम'च म्हणतात.

माझं म्हणणं, लांडग्याची खोड गेलेली नाही. हा धातू ३४२२ अंशांना वितळतो, म्हणून फ्रान्समधल्या 'ईटर' या आंतरराष्ट्रीय संलयन प्रकल्पानेही बेरिलियम सोडून पहिली भिंत टंगस्टनची करायचं ठरवलं. पण त्याचे धुपलेले अणू गाभ्यात शिरले, की तिथेही त्यांचे सगळे इलेक्ट्रॉन झडत नाहीत. उरलेले क्ष-किरणांवाटे उष्णता बाहेर फेकत राहतात. लाख कणांमागे असे मोजकेच अणू परवडतात, नाहीतर प्लाझ्मा गारठतो. तेव्हा कथील खायचा, आता ऊब खातो.

शिवाय टंगस्टन हजारेक अंशांना तापलेलं असताना हेलियमचा मारा झाला, की त्यावर नॅनोमीटर जाडीचे तंतू उगवून काळ्या मखमलीसारखा थर चढतो. इंग्रजीत त्याला 'फझ' म्हणतात. मराठीत 'बुरशी' लिहितील, त्याआधीच सांगतो: 'लव' लिहा. संस्कृत 'लोमन्'वरून आलेली, अंगावरची ती लव. लांडग्याच्या अंगावर बुरशी कशाला उगवेल?